घरात सूत काढायचं नाही

दगडाबाईच्या आधी तिच्या आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरी तरी राहावी, मरणानं तिच्याकडं ढुंकूनही बघू नये, म्हणून आजीनं नाव ठेवलं दगडी. ती राहिली. मोठी झाली आणि जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या हुलगेवाडीत बिराप्पाच्या घरी नांदायला आली. तेव्हा तिला दोन कामं उत्तम येत होती. मेंढरांमागं चालायचं, आणि चालता चालता सूत काढायचं.

वाडी सगळी धनगरांची. पाऊस देईल तेवढी ज्वारी, बाकी भिस्त मेंढरांवर. दिवाळी झाली की घरांना कडी लावून माणसं कृष्णाकाठाला निघायची, थेट कराडच्या पुढपर्यंत. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि तान्ही पोरं. पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत यायचे. बायका पुढं जाऊन चुली मांडायच्या, पाणी हुडकायच्या, रात्री मेंढरं कोंडायची जाळी बांधून ठेवायच्या. बागायतदार आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, तेवढंच लेंडीखत. मिरगाच्या आत पुन्हा वाडीवर. या सगळ्या वाटेनं बायकांच्या हातातली टकळी काही थांबायची नाही. ते काळ्या लोकरीचं सूत सनगर घेऊन जायचे आणि त्याची घोंगडी विणायचे.

नव्वद सालानंतर घोंगड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. बाजारात गिरणीच्या मऊ, फुलाफुलांच्या चादरी आल्या. लग्नातसुद्धा लोक त्याच द्यायला लागले. सनगरांनी येणं सोडलं. कातरलेली लोकर पोत्यांत पडून राहायची, तिला कसर लागायची, शेवटी कुणीतरी ती उकिरड्यावर नेऊन ओतायचं. तरी दगडाबाई सूत काढतच होती. हातांना दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात इंद्रजित मोटारसायकलवरून वाडीत आला. सांगलीजवळच्या माधवनगरचा हा तिशीतला माणूस. वडिलांचे माग बंद पडले होते आणि याला ते काहीही करून चालू करायचे होते. दिल्लीच्या एका प्रदर्शनात त्याला परदेशातल्या फार मोठ्या दुकानाची माणसं भेटली होती. कितीतरी देशांत त्या दुकानाच्या शाखा होत्या. खुर्चीपासून चमच्यापर्यंत सगळं तिथं मिळायचं आणि ते सगळं जगभरातून गोळा केलेलं असायचं. त्या लोकांना जमिनीवर अंथरायला जाड लोकरी सतरंज्या हव्या होत्या. रंग द्यायचा नाही, मेंढराच्या अंगावर असेल तोच काळा.

"सगळ्यात चांगलं सूत कोण काढतं इथं?" त्यानं विचारलं.

बिराप्पाची थोरली भावजय भामाबाई उंबऱ्यात बसली होती. ती विधवा होती. पोरबाळ नव्हतं, पण स्वतःची मेंढरं होती. तिनं दगडाबाईकडं बोट केलं. "ही आमची धाकली. हिचं सूत तुटायचं न्हाई, बैल लावून वढा."

तिथून सुरुवात झाली. दगडाबाई घरोघर जाऊन सूत बघायची, जाड-बारीक वेगळं करायची, एखादीचं कच्चं असलं तर तिच्या शेजारी बसून पुन्हा काढून दाखवायची. सूत माधवनगरला जायचं, तिथं सनगर ते मागावर विणायचे. दिवाळीनंतर वाडी रानोमाळ झाली तरी काम थांबलं नाही, इंद्रजितचा टेंपो कराडकडच्या रानात त्यांच्या मुक्कामावर यायचा. बायका त्याची वाट बघायच्या. उकिरड्यावर जाणारी लोकर परदेशात जाते, याचंच सगळ्यांना हसू यायचं.

एकदा इंद्रजितनं सतरंजीला लावायची चिठ्ठी आणून दाखवली. त्यावर दगडाबाईचा फोटो होता, डोक्यावर पदर, हातात टकळी, मागं मेंढरं.

"काय लिवलंय हितं?"

"धनगर बायकांनी आपल्या घरी, आपल्या हातानं काढलेलं सूत, असं लिहिलंय."

"खरंच हाय की," दगडाबाई म्हणाली आणि चिठ्ठी सगळ्या वाडीत फिरवून आणली.

तीन वर्षं अशी गेली. मग शहाण्णवच्या मे महिन्यात दुकानाची माणसं वाडी बघायला आली. त्या साली वळीव लवकर झाला होता, त्यामुळं मेंढरं परत आलेली होती. जीपमधून इंद्रजित उतरला, एक गोरी बाई उतरली आणि तिच्याबरोबर स्वप्ना. स्वप्ना दुकानाच्या मुंबईच्या ऑफिसात होती. जिथं जिथं माल तयार होतो तिथं माणसांना नीट वागवतात का, हे बघणं तिचं काम.

वाडीनं पाहुण्यांसाठी घोंगडी अंथरली. दूध तापवलं. दगडाबाईच्या घरात तिची मुलगी बाळव्वा लोकर पिंजत बसली होती. पाहुणे बघून पोरगी आणखीच ताठ बसली. गोरी बाई तिच्यासमोर उकिडवी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवला, फोटो काढला. स्वप्नानं विचारलं, "किती वर्षांची तू?"

"अकरावं हाय."

"रोज करतेस हे?"

"व्हय. मला लय भारी जमतंय. आईपरीस बारीक पिंजती मी."

"आणि शाळा?"

दगडाबाई हसली. "शाळंचं काय सांगू बाई, अर्धं वरीस आमी मेंढरांमागं. चार म्हयनं जाती, आट म्हयनं इसरती."

हसणारी ती एकटीच होती. गोरी बाई उठून उभी राहिली आणि स्वप्नाशी हळू आवाजात काहीतरी बोलली. दूध तसंच राहिलं. जीपकडं जाताना इंद्रजितचा चेहरा उतरला होता, पण काय झालं ते दगडाबाईला कळलं नाही. तिला वाटलं, बाईला ऊन लागलं असेल.

आठवड्याभरानं इंद्रजित एकटाच आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "दगडाबाई, घरात सूत काढायचं नाही म्हणतात."

"मग कुटं काढायचं?"

त्यानं सांगितलं. त्या लोकांच्या देशात टीव्हीवर दाखवलं होतं, गालिचे विणणारी लहान लहान पोरं. लोक चिडले, दुकानांपुढं फलक घेऊन उभे राहिले. आता दुकानानं नियम केले होते. घरात कोण काम करतं, कुणाचं पोर करतं, हे बघता येत नाही, म्हणून घरचं काम बंद. एक शेड हवी. तिला खिडक्या हव्यात, आग विझवायच्या बादल्या हव्यात, संडास हवा, संडासात पाणी हवं. पोरं तिकडं फिरकायची नाहीत, ती शाळेत पाहिजेत. आणि बायका रोज, बारा महिने, तिथं दिसल्या पाहिजेत. तपासणीला माणसं कधीही येतील.

"बारा म्हयनं?" बिराप्पा म्हणाला. "आन मेंढरांमागं कोण जायचं?"

इंद्रजित उठून मोटारसायकलकडं चालू लागला.

दगडाबाईनं त्या दिवसांत फार विचार केला. काम जाईल ही भीती तर होतीच, पण दुसरंही काहीतरी तिच्या मनात बसलं होतं. बाळव्वा शाळेत जाईल. एका जागी राहील. स्वप्नानं जीपमध्ये चढताना तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुमची मुलगी हुशार आहे. तिला शिकू द्या." असं तिच्या पोरीबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. ते बरोबरच होतं, असं दगडाबाईला वाटत होतं, आणि पुढं सगळं बिघडल्यावरही ती कधी ते चूक होतं असं म्हणाली नाही.

तिनं एकेका घरात जाऊन बायकांना तयार केलं. भामाबाई मात्र ऐकेना.

"मेंढरं इकून सूत कशाचं काढायचं गं?"

"लोकर इंद्रजितदादा आणंल की भायरनं."

"आन त्येनं न्हाई आणली तर?"

"आक्का, तीन वरसं कवा फशिवलंय का त्येनं? तुमास्नी तरी किती चालवतंय आता? गुडघं बगा तुमचं."

भामाबाई गुडघे चोळत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तू म्हणतीस तर इकते."

बिराप्पाशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. बायकोशिवाय एकट्या माणसाला मेंढरं घेऊन रानोमाळ फिरता येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. बिऱ्हाड कोण हलवणार, भाकरी कोण थापणार, आजारी कोकरू कोण सांभाळणार? तो भांडला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "माज्या बापानं मला चालायला शिकिवलं ते मेंढराच्या शेपटाला धरून." पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

माडग्याळच्या बाजारात मेंढरं विकली. व्यापाऱ्याच्या माणसांनी ती ट्रकमध्ये चढवली तेव्हा बिराप्पा एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवून आत ढकलत होता, कारण दुसऱ्या कुणाच्या हातानं ती चढेनात. त्यांचं कुत्रं ट्रकमागं धावत गेलं. बिराप्पा अंधार पडेपर्यंत रस्त्याकडेला बसून राहिला. कुत्रं परत आलं नाही. वाडीतल्या निम्म्याहून जास्त घरांनी त्या दिवाळीआधी मेंढरं काढली.

शेड बायकांनीच उभी केली. दगड वाहिले, माती कालवली. पत्रे आणि चरखे इंद्रजितनं आणले. मार्चमध्ये तपासणी होती आणि नेमका तेव्हा पाण्याचा खडखडाट झाला. टँकर आला की वाडी घागरी घेऊन तुटून पडायची. आणि शेडच्या संडासावरची टाकी मात्र काठोकाठ भरलेली ठेवायची होती, नळ सोडला की पाणी आलं पाहिजे, हा नियम होता. दगडाबाईनं टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. टँकर चुकला त्या दिवशी भामाबाई रिकामी घागर घेऊन आली.

"एक घागर सोड गं. घरात थेंब न्हाई."

"आक्का, उद्या तपासणी हाय."

"हागायला पाणी हाय आन प्यायला न्हाई?"

दगडाबाईनं कुलूप काढलं नाही. स्वतःच्या घरातलं होतं तेवढं पाणी तिनं भामाबाईच्या घागरीत ओतलं. त्या रात्री बाळव्वाला तिनं भाकरीबरोबर पाण्याऐवजी ताक दिलं, तेही मागून आणलेलं.

तपासणी पार पडली. स्वप्नानं नळ सोडून बघितला, बादल्या बघितल्या, शाळेत जाऊन बाळव्वाला वर्गात बसलेली बघितली. जाताना तिनं दगडाबाईचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही करून दाखवलंत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं.

त्यानंतरचं एक वर्ष बरं गेलं. शेडमध्ये चरख्यांचा आवाज घुमायचा, बायका गाणी म्हणायच्या. बाळव्वा सातवीत गेली. गणितात तिला गोडी लागली. दगडाबाई संध्याकाळी तिच्या वहीकडं बघत बसायची, कळत काही नसलं तरी. फक्त बिराप्पाला काम उरलं नव्हतं. दिवाळीनंतर ज्यांनी मेंढरं ठेवली होती त्यांचे कळप कृष्णाकाठाला निघाले, तेव्हा तो वेशीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेला आणि परत येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला.

लोकरही आता कमी पडत होती. वाडीतली मेंढरंच गेली होती. इंद्रजित कर्नाटकातून लोकर आणायचा, ती कधी कुसळांनी भरलेली, कधी ओली. सूत पहिल्यासारखं निघेना. दगडाबाईच्या मनात पाल चुकचुकायची, पण ती कुणाला बोलली नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात टेंपो आला नाही. दुसऱ्या आठवड्यातही आला नाही. तयार सुताचे ढीग शेडच्या भिंतीला लागले. मग इंद्रजितचा निरोप आला, की दुकानानं काम थांबवलंय.

दगडाबाई बाळव्वाला घेऊन एसटीनं सांगलीला आणि तिथून माधवनगरला गेली. मागांची खोली शांत होती. इंद्रजितच्या समोर स्वप्ना बसली होती. शेवटचा माल बघायला ती मुंबईहून आली होती. दगडाबाईला बघून ती उठली. खुर्ची पुढं केली. दगडाबाई बसली नाही.

"आमचं काय चुकलं वं बाई?"

"तुमचं काहीच चुकलेलं नाही."

"सूत खराब झालं? लोकर वल्ली हुती, मी सांगिटलं हुतं दादाला. आमी सुदारतो."

"सुताचं नाही," स्वप्ना म्हणाली. "कंपनीनं ठरवलंय, आता थोड्याच, मोठ्या कारखान्यांकडून माल घ्यायचा. शंभर ठिकाणी लहान लहान काम असलं की प्रत्येक ठिकाणी नियम पाळतात का, हे बघायला माणसं पाठवावी लागतात. ते त्यांना जमत नाही. मोठ्या कारखान्यात एका दिवसात सगळं बघून होतं."

"पर आमी पाळलं की सगळं."

"हो."

"तुमी सोता बगितलं. नळाला पाणी हुतं."

"हो, दगडाबाई."

"आमी चुकलो आसतो तर सुदारलं आसतं. चुकलोच न्हाई, तर आता काय सुदारायचं, सांगा की."

स्वप्ना समोरचे कागद आवरायला लागली. इंद्रजित खिडकीबाहेर बघत होता. तो माग मोडीत काढणार होता, हे त्यानं तेव्हा सांगितलं नाही. नंतर कळलं. बाळव्वा आईच्या पदराला धरून उभी होती. स्वप्नानं तिला विचारलं, "कितवीत आता?" पोरीनं आईकडं बघितलं आणि पदर आणखी घट्ट धरला.

परतीच्या एसटीत दगडाबाई खिडकीशी बसली. कवठेमहांकाळ गेल्यावर ती मुलीला म्हणाली, "घरी कुणी इचारलं तर म्हणायचं, तात्पुरतं बंद हाय." पण वाडीत पोचेपर्यंत तिला ते खोटं बोलवेना. तिनं शेडमध्ये बायकांना बसवून सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एकजण पदरात तोंड घालून रडली. बाकीच्या उठून आपापल्या घरी गेल्या, आणि त्या दिवसापासून पाण्याच्या रांगेत दगडाबाईशी बोलणं हळूहळू कमी होत गेलं. विहिरीपाशी ती आली की बायकांचं बोलणं तुटायचं. आता मेंढरं नव्हती, सूत नव्हतं, आणि नवी मेंढरं घ्यायची ऐपत कुणात नव्हती. मेंढरं विकून जे मिळालं होतं ते आजारपणात, लग्नकार्यात, आणि त्या एका दुष्काळी वर्षात ज्वारी विकत घेण्यात गेलं होतं.

बिराप्पाला तासगावकडं एका द्राक्षबागेत राखणदाराचं काम मिळालं, आणि वाडी सोडून तिघं तिकडं एका खोपटात राहायला गेली. बागेच्या कडेनं धनगरांचे कळप जायचे, त्यांतली मेंढरं बागेत शिरू नयेत म्हणून त्याला ठेवला होता. दिवसभर हातात दगड घेऊन तो बांधावर फिरायचा. सुरुवातीला त्याला दगड मारवेना. मालकानं एकदा बघितलं आणि दम दिला. मग तो मारायला लागला. एकदा त्याच्याच वाडीतला एक जण कळप घेऊन चालला होता. बिराप्पाचा दगड एका गाभण मेंढीच्या डोळ्याला लागला. त्या माणसानं वाकून मेंढी खांद्यावर टाकली, बिराप्पाकडं एकदा बघितलं आणि निघून गेला. त्या रात्री बिराप्पा जेवला नाही. दगडाबाईनं विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई झालं." त्यानंतर तो तिच्याशी लागेल तेवढंच बोलायचा. मीठ दे, पाणी दे, एवढंच.

दगडाबाई बेदाण्याच्या शेडवर जायला लागली. द्राक्षं वाळवून झालेला बेदाणा निवडायचा, काडी-कचरा, काळे पडलेले दाणे बाजूला काढायचे. दोघांच्या मजुरीत भागेना तेव्हा बाळव्वाची शाळा सुटली आणि तीही आईशेजारी बसायला लागली. तिला तेरावं सरत होतं. इथं तिचं वय कुणी विचारलं नाही. कसलीही तपासणी कधी आली नाही. खिडक्या नव्हत्या, गंधकाच्या धुरीनं डोळ्यांची आग व्हायची, बायका आडोशाला उघड्यावर जायच्या. तिथं बसलेल्या पोरींत बाळव्वा काही सगळ्यात लहान नव्हती.

पहिले काही महिने ती दाणे मोजून ढीग करायची, गुणाकार करून आईला सांगायची. पुढं ते थांबलं. पंधरावं लागलं तसं वीटभट्टीवर काम करणारं कराडकडचं स्थळ आलं, आणि दगडाबाईनं होकार दिला. लग्न शेडच्या मालकाच्या आवारातच लागलं. सासरी जाताना पोरगी रडली नाही, यानंच आईच्या जिवाला जास्त लागलं.

नव्व्याण्णव सरायच्या सुमाराला भामाबाई तासगावला आली. विचारत विचारत शेडवर पोचली. खूप वाळली होती. दगडाबाईनं तिला सावलीत बसवलं.

"मला बी लाव की गं कामाला," भामाबाई म्हणाली. "वाडीत आता कुणी कुणाला इचारत न्हाई."

दगडाबाईनं मुकादमाला विनवलं. त्यानं बेदाण्याची परात भामाबाईपुढं ठेवली. म्हातारीनं दाणे बोटांनी चाचपायला सुरुवात केली. चांगले आणि काळे, सगळे ती एकाच बाजूला टाकत होती. तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता. लोकर तिनं आयुष्यभर बोटांवरच ओळखली, पण बेदाण्याचा रंग बोटांना कळत नाही. मुकादमानं थोडा वेळ बघितलं, मान हलवली आणि परात उचलून नेली.

"आक्का, माज्यामुळं झालं हे," दगडाबाई म्हणाली.

"तुज्यामुळं कशाला? तू काय इकायला लावली व्हय? मी इकली." भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "चा हाय का?"

दगडाबाईनं कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा आणला. दोघी बराच वेळ बसल्या. बाळव्वाचं विचारून झालं, बिराप्पाचं विचारून झालं. वाडीतली शेड आता कुणीतरी कडबा ठेवायला घेतली होती, चरखे पावसात भिजून सडले होते. भामाबाईनं ते पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

मग ती उठली. राहा म्हणावं तर दगडाबाईच्या खोपटात जागा नव्हती, आणि बिराप्पा कुणी आलेलं सहन करत नव्हता. दगडाबाई तिला स्टँडवर घेऊन गेली, हाताला धरून जतच्या गाडीत चढवली. गाडीत बसायला जागा नव्हती. भामाबाई दांड्याला धरून उभी राहिली आणि बाहेर बघत होती, पण नेमकं कुठं ते कळत नव्हतं. दगडाबाईनं खालून दोनदा हाक मारली. कंडक्टरनं घंटा दिली आणि गाडी सुटली. दगडाबाई तिथून थेट शेडवर गेली, कारण उरलेला बेदाणा अंधार पडायच्या आत निवडून द्यायचा होता.